वस्तूंवर टाकलेली कामं

मुलांना साधेपणानं वाढवायचं असं घरात ठरलं, की पहिली कुऱ्हाड पडते ती खेळण्यांच्या कपाटावर. अर्धी खेळणी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांना जातात, वाढदिवसाचा हॉल रद्द होतो, दिवाळीला एकच ड्रेस असं जाहीर होतं. दोन-तीन महिन्यांत सगळं पुन्हा मूळपदावर येतं, कारण मधल्या काळात सहामाहीला चांगले मार्क पडलेले असतात आणि चांगल्या मार्कांसाठी सायकल कबूल केलेली असते. अशा घरात वस्तू कमी होतात, पण वस्तूंवर टाकलेली कामं तशीच राहतात. शाबासकी द्यायची तर वस्तू, उशिरा घरी आल्याची भरपाई करायची तर वस्तू, रागवायचं तर वस्तू काढून घ्यायची, चार लोकांत मुलाची मान ताठ राहावी यासाठीही वस्तूच. मुलाच्या मनात वस्तूंचं वेड तयार होतं ते या कामांमुळे. कपाटात बारा खेळणी आहेत की चाळीस, याला त्या मानानं फार कमी महत्त्व आहे. म्हणून सुरुवात कपाटापासून न करता या कामांपासून करावी.

हे नुसतं वाटणं नाही, त्यामागे पुरावा आहे. मार्शा रिचिन्स आणि लॅन चॅप्लिन या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढ माणसांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं: काही चांगलं केलं की घरून वस्तू मिळायची का, प्रेम व्यक्त करायला आईवडील वस्तू आणायचे का, शिक्षा म्हणून वस्तू काढून घेतली जायची का. ज्यांच्याकडे हे जास्त झालं होतं, त्यांच्यात मोठेपणीही यशाचं आणि सुखाचं माप वस्तूंमध्ये शोधण्याची वृत्ती जास्त दिसली. त्यातली विचारात पाडणारी बाब अशी, की हे फक्त तुसड्या किंवा दुर्लक्ष करणाऱ्या घरांत घडत नव्हतं. मायेनं वागणारे, मुलांत लक्ष घालणारे आईवडीलही वस्तूंचा असा वापर करत होते आणि परिणाम तोच होत होता. अर्थात लोकांना आठवून सांगायला लावलेलं हे संशोधन आहे, तेही अमेरिकेतलं. आठवणी दगा देतात, आणि वस्तूंची ओढ असलेल्या माणसाला लहानपणीच्या भेटवस्तू जास्त लक्षात राहत असतील हेही शक्य आहे. तरीही आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत डोकावलं तर चित्र ओळखीचं वाटेल. दहावीला नव्वद टक्के मिळाले तर फोन, ऐंशीच्या खाली आले तर आहे तोही कपाटात, हा करार इतका सर्रास झाला आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

इथे हमखास येणारा आक्षेप असा, की आमिषाशिवाय मुलं अभ्यास करतच नाहीत. तात्पुरतं पाहिलं तर आमिषाचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आमिष संपल्यावरचा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला प्रयोग याबाबत आजही वाचण्यासारखा आहे. चित्र काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिलं, काहींना दिलंच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली, तेव्हा बक्षीस कबूल करून घेतलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला धक्का लागला नव्हता. यातून घरासाठी नियम काढायचा तर तो सोपा आहे: आधी सौदा नको. सायकल हवीच असेल, क्लास लांब असेल, तर ती क्लास लांब आहे म्हणून घ्यावी आणि मार्कांशी तिचा संबंध जोडू नये. निकालाच्या दिवशी आनंद झाला, तर सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जावं, पण ते आधी फळ्यावर लिहून ठेवलेलं नसावं. ज्या मुलाला मुळात अभ्यासाची गोडीच नाही, त्याच्या बाबतीत छोटं आमिष काही दिवस वापरायला हरकत नाही. मात्र ते आमिष वस्तूऐवजी एकत्र करायच्या गोष्टीचं असावं, म्हणजे रविवारी टेकडीवर जाणं किंवा रात्री पत्त्यांचा एक डाव जास्त.

शिक्षेचंही तसंच. फोन काढून घेणं आणि फोनला वेळेची मर्यादा घालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोप बिघडते म्हणून रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत, हा नियम झाला, आणि तो आईबाबांनाही लागू असेल तर मुलं कुरकुरत का होईना पाळतात. पण भावाला मारलं म्हणून फोन जप्त, यात मारण्याचा आणि फोनचा काय संबंध? मुलाला त्यातून एवढंच कळतं की घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती. भावाला मारलं असेल तर त्याच्याशी बोलायला लावावं, त्याचं मोडलेलं जोडून द्यायला लावावं.

उशिरा घरी येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि त्यावर उपदेश करणारे बहुधा संध्याकाळी साडेपाचला घरी पोचणारे असतात. कल्याणहून सीएसएमटीला जाऊन येणाऱ्या किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरात शिरणाऱ्या माणसाच्या हातात चॉकलेट नाहीतर छोटी गाडी असते, ती अपराधीपणातून आलेली असते, हे त्यालाही ठाऊक असतं. युनिसेफच्या ब्रिटन शाखेसाठी अ‍ॅग्नेस नेअर्न यांनी २०११ मध्ये ब्रिटन, स्पेन आणि स्वीडनमधल्या मुलांशी आणि घरांशी बोलून एक अहवाल तयार केला. आनंद कशात वाटतो असं विचारल्यावर तिन्ही देशांतली मुलं घरच्यांबरोबरचा वेळ, मित्र आणि करण्यासारखं भरपूर काही, याच गोष्टी सांगत होती. ब्रिटनमधले दमलेले आईवडील मात्र वेळेची कमतरता वस्तूंनी भरून काढायला धडपडत होते, आणि त्याचा उपयोग होत नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणजे मागणी एका गोष्टीची आणि पुरवठा दुसऱ्याचा. यावर तोडगा म्हणून नोकरी सोडा असं कुणी सुचवू नये, ते बहुतेकांना परवडणारं नाही. वेळ थोडा असला तरी ठरलेला असावा. रोज जेवण झाल्यावर वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्या वेळात काय करायचं ते मुलानं ठरवायचं. मूल दोन दिवस कंटाळेल, तिसऱ्या दिवशी स्वतःच वाट पाहू लागेल. खाऊ आणायचाच असेल तर आठवड्यातला एक वार त्याला बांधून द्यावा, म्हणजे उशीर झाला म्हणून खाऊ, हे समीकरण मोडतं.

वस्तू आणि मूल यांचं निरोगी नातं कसं असतं ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पुण्या-साताऱ्यात, दादर-गिरगावात दिवाळीत अजूनही मुलं किल्ला करतात. त्यासाठी लागतं काय? शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली माती, विटांचे तुकडे, दगड, चिखलात बुडवून दगडांवर पसरायला फाटकं गोणपाट, आणि हिरवळीसाठी पेरायला मूठभर अळीव. बुरूज कुठे, पायवाट कुठून, पायथ्याच्या विहिरीत पाणी कसं टिकवायचं, यावरून तीन दिवस भांडणं होतात. अळीव उगवला की नाही हे पाहायला मुलं दात न घासता जिन्याखाली पळतात. आणि किल्ल्यावरचे मावळे? ते तर विकतच आणलेले असतात. सिंहासनावरचे महाराज, तुतारीवाला, गवळण, वाघ, सगळे बाजारातले. दिवाळी संपली की ते वर्तमानपत्रात गुंडाळून बुटाच्या खोक्यात जातात, पुढच्या वर्षी पाय मोडलेला मावळा डिंकानं चिकटवून पुन्हा पहाऱ्याला उभा राहतो. म्हणजे खरेदी इथेही आहे, फक्त ती मुलांच्या उद्योगाच्या मागून चालते. आता प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. तो आणून गॅलरीत ठेवला की दहा मिनिटांत काम संपतं, हात स्वच्छ राहतात आणि नंतर मुलाला करण्यासारखं काहीच उरत नाही. कुठलीही वस्तू घेताना हाच प्रश्न विचारावा: ही आल्यावर मुलाच्या हाताला काम वाढणार की संपणार? कॅरम बोर्ड, सायकल, रंग, सुतारकामाची छोटी हत्यारं, बॅट-बॉल या परीक्षेत सहज पास होतात, आणि बटण दाबल्यावर स्वतःच नाचणारी महागडी खेळणी बहुधा नापास.

संख्येला अगदीच अर्थ नाही असंही नाही, विशेषतः अगदी लहान वयात. टोलीडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा लहान मुलांच्या घरात थोडी खेळणी बाहेर, बाकी माळ्यावर, आणि अधूनमधून अदलाबदल, एवढं पुरे.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. "आम्हाला जे मिळालं नाही ते मुलांना मिळू दे," असं म्हणणारी आईवडिलांची पिढी आज चाळिशीत आहे. त्यांच्या या म्हणण्याला हसू नये. साधेपणाचा विषय निघाला की 'श्यामची आई'चा दाखला दिला जातो, पण श्यामच्या घरातला साधेपणा कुणी निवडलेला नव्हता, ती गरिबी होती. गरिबी आपोआप माणसाला निर्लोभी करते असा समज असेल तर संशोधन त्याच्या विरुद्ध बोलतं. टिम कॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की पैशाच्या यशाला सगळ्यात वर ठेवणारी अठरा वर्षांची मुलं बहुधा तुटपुंज्या परिस्थितीतून आलेली होती आणि त्यांच्या आयांकडून त्यांना ऊबही कमी मिळालेली होती. असुरक्षित वाटलं की माणूस वस्तू धरून ठेवतो. त्यामुळे ऐपत असताना मुलाला मुद्दाम तोडून वागवणं, प्रत्येक मागणीवर "तुला पैशांची किंमत नाही" म्हणणं, हा साधेपणा नव्हे. त्यानं उलटंच व्हायचं. पैसे असताना "आपल्याकडे पैसे नाहीत" असं खोटंही सांगू नये. आठ वर्षांच्या मुलाला नवी गाडी दारात दिसत असते. "पैसे आहेत, पण यावर खर्च करायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय," हे वाक्य मुलाला आवडत नाही, पण समजतं.

याच सुरक्षिततेशी जोडलेली गोष्ट म्हणजे दिलेला शब्द. धीर धरायला शिकवा, असं सगळे सांगतात, पण मूल धीर कशाच्या भरवशावर धरणार? रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी २०१३ मध्ये ते तपासलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी चांगलं चित्रकलेचं सामान आणून देते असं सांगितलं. काहींना ते आणून दिलं, काहींना "नाहीये" म्हणून टाळलं. मग समोर एक मिठाई ठेवून, थांबलात तर दोन मिळतील असं सांगितलं. शब्द पाळलेला अनुभवलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीनच मिनिटं. घरातला धडा उघड आहे. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य बंद करावं. घ्यायचं असेल तर कधी घेणार ते कॅलेंडरवर लिहावं आणि त्या दिवशी घ्यावं, घ्यायचं नसेल तर आजच नाही म्हणावं आणि ते 'नाही' रडण्यानं बदलू नये. वाट पाहण्याच्या काळात निम्म्या मागण्या आपोआप विरून जातात हा वरचा फायदा.

"आमचं मूल वर्गात वेगळं पडेल" ही भीती खरी आहे, आणि तिला फाजील समजणाऱ्यांनी अ‍ॅलिसन प्यू यांचं २००९ सालचं काम पाहावं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये गरीब आणि श्रीमंत वस्त्यांतल्या मुलांमध्ये वावरून त्यांनी लिहिलं, की मुलांना वस्तू हव्या असतात त्या बहुतेकदा मित्रांच्या गप्पांत सामील होता यावं म्हणून. ज्याच्याकडे काहीच नाही, तो त्या गप्पांत अदृश्य होतो. म्हणून गरीब आईवडील इतर गरजा मारून एखादी नेमकी वस्तू घेऊन देतात. श्रीमंत आईवडील घर भरलेलं असताना एखादीच गोष्ट घेत नाहीत आणि तीच अभिमानानं सांगतात. (आपल्याकडेही "आमच्याकडे टीव्हीच नाही" हे वाक्य हल्ली बरंचसं त्याच सुरात ऐकू येतं.) यातून निष्कर्ष निघतो तो असा, की सगळ्या वर्गाकडे असलेली आणि खेळात लागणारी गोष्ट नाकारून मुलाला एकटं पाडू नये. पण स्पर्धेची पातळी एकट्यानं खाली आणता येत नाही, चार घरांनी मिळून येते. वाढदिवसाचंच घ्या. पाहुण्या मुलांना द्यायच्या रिटर्न गिफ्टचा खर्च दर वर्षी चढत जातो, कारण प्रत्येक घर मागच्या घरापेक्षा थोडं वर जातं. वर्गातल्या पाच-सहा पालकांनी ठरवलं की भेट आणायची नाही आणि परत द्यायचीही नाही, घरी केलेले पोहे, केक आणि खाली लपाछपी, तर मुलांना काहीही कमी वाटत नाही. निमंत्रणातच तसं स्पष्ट लिहावं. "आशीर्वाद हीच भेट" असं मोघम लिहिलं की सगळे पाकीट घेऊन येतात. आजी-आजोबांशी मात्र वाद घालू नये. त्यांना पर्याय द्यावा: वस्तूऐवजी मे महिन्यात आठ दिवस, किंवा पोहण्याच्या क्लासची फी.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. साधारण आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरात आपल्याला काहीतरी विकते आहे हे नीट कळत नाही. स्वीडननं १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला बंदी घातली ती याच कारणानं. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधनं आहेत. पण खोकी उघडून दाखवणारे व्हिडिओ मुलाला जाहिरात वाटतच नाहीत, तेव्हा ते शेजारी बसून पाहावेत आणि "याला हे खेळणं कुणी दिलं असेल?" एवढं विचारावं. शिवाय घरात रोज दारावर पार्सल येत असेल, रात्री अकराला कंटाळा आला म्हणून दहा मिनिटांत आइस्क्रीम मागवलं जात असेल, तर मुलासाठी तीच शाळा. महिनाभर आईबाबांच्या स्वतःच्या ऑर्डरींची यादी फ्रीजवर लावून पाहावी. ती वाचून चेहरा पडतो तो बहुधा मोठ्यांचा.

कमी करायच्या गोष्टींबरोबर वाढवायची एक गोष्टही आहे, ती म्हणजे घरकाम. बिआट्रिस आणि जॉन व्हाइटिंग यांनी १९७५ मध्ये सहा समाजांतल्या मुलांचा तुलनात्मक अभ्यास मांडला. जिथे मुलांवर खरी कामं होती, धाकट्या भावंडांना सांभाळणं, पाणी आणणं, जनावरं बघणं, तिथली मुलं दुसऱ्याची काळजी घेण्यात पुढे दिसली. आपल्या मुलानं गुरं राखावीत असा याचा अर्थ नाही. पण भाजी निवडणं, कपडे दोरीवर घालणं, आजीच्या गोळ्यांची वेळ सांभाळणं अशी एक तरी जबाबदारी त्याच्याकडे कायमची असावी, जी त्यानं केली नाही तर घर अडेल. आणि तिचे पैसे देऊ नयेत. खाऊचे पैसे वेगळे, कामाशिवाय मिळणारे, थोडे आणि ठरलेल्या तारखेला.

हे सगळं करूनही बारा-तेराव्या वर्षी ब्रँडच्या बुटांसाठी घर डोक्यावर घेतलं जाईल. चॅप्लिन आणि डेबोरा जॉन यांच्या २००७ च्या अभ्यासात वस्तूंची ओढ आठ-नऊ वर्षांपासून चढत बारा-तेराव्या वर्षी सर्वांत जास्त दिसली आणि सोळा-अठरापर्यंत उतरली. तो चढ मुलांच्या स्वतःबद्दलच्या घसरलेल्या मताशी जोडलेला होता. सोबतच्या मुलांनी आपल्याबद्दल लिहिलेले चांगले शब्द वाचायला मिळाल्यावर वस्तूंची हाव तेवढ्यापुरती कमी झाली. तेव्हा या वयात "बुटांनी कुणी मोठं होत नाही" असं व्याख्यान देण्याऐवजी मूल कशात चांगलं आहे ते नाव घेऊन सांगावं, आणि बुटांचं बजेट ठरवून द्यावं. वरचे पैसे त्यानं खाऊच्या पैशांतून साठवून घालावेत. तीन महिने साठवूनही तेच बूट हवे असतील तर आनंदानं घेऊन द्यावेत, आणि मग ते पायात दिसले की टोमणे मारू नयेत.